निवाऱ्याची तरतूद

सरकारी द्रव्य ज्याच्या कल्याणार्थ मंजूर होते त्याला ते मागण्याची विद्या अवगत असतेच असे नाही. आणि आपल्या राज्यकारभाराची घडी तर अशी बसलेली आहे की, मागणाऱ्याने प्रथम आपण कोण आणि कोठले हे कागदाने सिद्ध करावे, त्यानंतरच त्याच्या गरजेची विचारपूस व्हावी. शेतकऱ्याला कर्ज हवे असले तर तो सातबाऱ्याचा उतारा घेऊन जातो. झोपडपट्टीतल्या कुटुंबाला पुनर्वसनात घर हवे असले तर ते जुनी वीजबिले आणि मतदारयादीतले नाव प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दाखवते. चाळीतला भाडेकरू भाडेपावत्यांची चळत पुढे करतो. ज्याला घरच नाही, त्याच्यापाशी मात्र घर नसल्याची साक्ष देईल असा एकही कागद नसतो, आणि अर्जाच्या नमुन्यात पत्त्याचा रकाना आला की तेथेच त्याची लेखणी अडते. यास्तव बेघरांसाठी ठेवलेल्या निधीची मागणी बेघरांच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी करावी लागते. तो दुसरा कोण, त्याने कोणाकडे आणि कोणत्या हिशेबाने मागावे, आणि मिळाल्यावर ते कोणाला आधी द्यावे, हा प्रस्तुत पुस्तिकेचा विषय होय.

पुस्तिकेची भूमी मुंबईची उपनगरे आहेत, आणि ही निवड थोडी समजावून सांगितली पाहिजे. बेघर म्हटला की वाचकाच्या डोळ्यांपुढे भायखळ्याचा किंवा दादरचा पदपथ उभा राहतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे ऐकताच मध्यमवर्गाची गृहनिर्माण संस्था, वाचनालय आणि सायंकाळची भाजी यांचे चित्र येते. महापालिकेची हद्द १९५० साली जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत व १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली, १९९० च्या ऑक्टोबरात उपनगरांचा जिल्हाही निराळा झाला. आणि २०११ च्या जनगणनेच्या वेळी शहर जिल्ह्यात जेमतेम ३१ लाख माणसे असताना उपनगर जिल्ह्यात ती ९३ लाखांवर गेलेली होती. काम जेथे गेले तेथे माणूस गेला, आणि ज्याची मजुरी भाड्याला पुरली नाही तो त्याच गावाच्या रस्त्यावर राहिला. शेवटची लोकल निघून गेल्यावर एखाद्या उपनगरी स्थानकाबाहेर अर्धा तास उभे राहावे. दिवसभर ज्या फळ्यांवर केसांच्या पिना आणि मोबाईलची आवरणे मांडलेली असतात त्याच फळ्या जमिनीवर उतरतात आणि त्यांचे अंथरूण होते; निजणारा माणूस चपला पायांशी ठेवत नाही, उशाखाली घेतो, कारण सकाळी त्या सापडल्या नाहीत तर नाक्यावर अनवाणी उभ्या राहिलेल्या मजुराला कोणी कामावर नेत नाही; पैसे कमरेला असतात, आणि पावसाळ्यात निळ्या ताडपत्रीचा एक तुकडा चौघांत मिळून असतो. फुलांच्या गजऱ्यांवर पोट भरणारी पारधी कुटुंबे, कंत्राटदाराने काम संपताच वाऱ्यावर सोडलेले बिगारी, मुलांनी घराबाहेर काढलेले म्हातारे आणि रुग्णालयातून सुटका झाली पण जायला ठिकाण नाही असे आजारी, या सर्वांना कागदावर एकच शब्द आहे. निधीचे वाटप करताना पहिली चूक होते ती तेथेच, कारण या चौघांना चार प्रकारचे छप्पर लागते.

पदपथावरच्या माणसाचा न्यायालयाशी संबंध मुंबईतच आला. १९८१ च्या जुलैत तत्कालीन मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथवासीयांना हुसकावून मूळ गावी धाडण्याचे जाहीर केले. त्याविरुद्ध पत्रकार ऑल्गा टेलिस आणि काही पदपथवासी न्यायालयात गेले, आणि पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या कामराजनगरातील रहिवाशांचे गाऱ्हाणेही त्यांच्याबरोबर ऐकले गेले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी दिलेला निर्णय कायद्याच्या विद्यार्थ्यांना उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात सामावतो या तत्त्वासाठी पाठ असतो. ते तत्त्व मोठेच आहे. परंतु निकालाचा प्रत्यक्ष परिणाम इतकाच की नोटीस देऊन, आणि पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर उलटल्यावर, महापालिकेने पदपथ मोकळे करावेत. ज्यांच्यापाशी १९७६ च्या गणनेची ओळखपत्रे होती त्यांना पर्यायी जागा द्यावी असे ठरले. म्हणजे येथेही कागद ज्याच्याजवळ होता तोच तरला. पदपथावर निजणाऱ्याचा सरकारी तिजोरीवर काही हक्क आहे, असे त्या निकालाने म्हटले नव्हते.

ते म्हणायला आणखी पाव शतक लागले, आणि निमित्त दिल्लीचे झाले. २००९ च्या डिसेंबरात, ऐन थंडीत, तेथील पुसा रोडवरचा तात्पुरता रात्रनिवारा पाडण्यात आला. अन्नाच्या हक्काविषयी २००१ पासून चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आयुक्तांनी ही गोष्ट न्यायालयाच्या कानी घातली, आणि त्यातून जे आदेश निघाले त्यांची व्याप्ती पुढे देशातील मोठ्या शहरांपर्यंत गेली. लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांचा एक बारमाही निवारा, हे प्रमाण तेव्हापासूनचे. २०१३ साली केंद्राने राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू केले तेव्हा शहरी बेघरांसाठी निवारा हे त्याचे एक अंग ठरले आणि हेच प्रमाण त्याच्या मार्गदर्शिकेत उतरले. दर माणशी किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, न्हाणीघर, शौचालय, स्वयंपाकाची सोय, अंथरूण-पांघरूण. शिवाय निवाऱ्यात आलेल्या माणसाला शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, अंगणवाडी आणि बँकेतले खाते मिळवून देण्याची जबाबदारी. कागदावर ही योजना उत्तम आहे, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही. गरिबांसाठी लिहिलेल्या सरकारी मजकुरात इतका व्यवहारी समंजसपणा क्वचितच आढळतो.

आता या अभियानात, २०२४ साली त्याची मुदत संपेपर्यंत, पैसा कसा उतरत असे ते पाहू. योजनेच्या खर्चाचा मोठा वाटा केंद्राचा आणि उरलेला राज्याचा असे. आरंभी ही वाटणी ७५ आणि २५ टक्क्यांची होती, मागाहून ती ६० आणि ४० वर आली. शहराने आपल्या बेघरांची पाहणी करावी, जागा मुक्रर करावी, बांधकामाचा किंवा दुरुस्तीचा प्रकल्प-अहवाल करून राज्यस्तरीय मंजुरी समितीपुढे ठेवावा. मंजुरी मिळाल्यावर रक्कम हप्त्याहप्त्याने यावी, आणि मागील हप्त्याच्या विनियोगाचा दाखला पोहोचल्यावाचून पुढील हप्ता सुटू नये, असा हा क्रम होता. मुंबईत हे काम महापालिकेच्या नियोजन खात्याकडे आले. निवारा चालवण्यासाठी खाते जाहिरात देऊन संस्थांकडून अर्ज मागवते. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, लेखापरीक्षकाच्या सहीचे ताळेबंद आणि पूर्वानुभव पाहून ती निवडली जाते. वाचकाने येथे थोडे थांबावे, कारण या साऱ्या मालिकेत, ज्या भागात निवारा व्हायचा त्या भागातील लोकांना अर्जदार म्हणून कोठेही स्थान नाही. ते हरकत घेऊ शकतात. मागणी करण्याची पायरी त्यांच्यासाठी कोणी बांधलेली नाही. नगरसेवकामार्फत ती पूर्वी अप्रत्यक्षपणे होत असे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून कारभार प्रशासकाच्या हाती गेल्यावर तेही दार दीर्घकाळ लोटलेले राहिले.

पाहणीचा प्रश्न सर्वांत आधीचा, आणि माझ्या मते सर्वांत कमी लेखला गेलेला. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकण्यात आली, आणि बृहन्मुंबईत ५७ हजारांहून काही अधिक माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था हा आकडा फारच अपुरा मानतात, आणि एका रात्रीची मोजणी कशी चालते हे ज्याने पाहिले आहे त्याला त्यांचे म्हणणे पटेल. उड्डाणपुलाखालचा माणूस त्या रात्री वऱ्हाडाच्या मांडवात वाढप्याच्या कामावर असतो. बंद दुकानाच्या पायरीवर निजणारा पोलिसाच्या शिट्टीला भिऊन फलाटाच्या टोकाला गेलेला असतो. आणि एकटी स्त्री तर प्रगणकाच्या विजेरीचा झोत दिसताच पदर ओढून चालू लागते, कारण रात्री आपल्याला शोधत येणारा माणूस कशासाठी आला आहे याचा तिचा अनुभव निराळा आहे. १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अमलात असलेल्या या शहरात, नाव विचारणाऱ्या सरकारी माणसाला खरे नाव सांगणे शहाणपणाचे असते असे पदपथावर कोणी मानत नाही. पुढे मंत्रालयात हाच आकडा पायाभूत धरला जातो. जो मोजला गेला नाही त्याच्यासाठी तरतूद मागता येत नाही, आणि तरतूद नसली की मोजण्याचीही निकड राहत नाही.

प्रमाणाचा हिशेब मात्र अवघड नाही, आणि तो प्रत्येक विभागातील नागरिकाने स्वतः करून पाहावा अशी माझी विनंती आहे. प्रमाण संपूर्ण शहराला लागू आहे, विभागाला नव्हे, हे मान्य. तथापि विभागवार गणित केल्याशिवाय त्या प्रमाणाचा अर्थ मनात उतरत नाही. २०११ च्या लोकसंख्येप्रमाणे मुलुंडच्या टी विभागात ३ लाख ४१ हजार लोक होते, म्हणजे तीन निवारे. बोरिवलीच्या आर मध्य विभागात ५ लाख ६२ हजार, म्हणजे पाच. घाटकोपरच्या एन विभागात ६ लाख २२ हजार, म्हणजे सहा. आणि अंधेरीचे के पूर्व व के पश्चिम हे विभाग मिळून पंधरा लाखांच्या पुढे, म्हणजे एकट्या अंधेरीत पंधरा. अंधेरीतील वाचकाने आपल्या परिसरात असा निवारा कोठे आहे हे कोणालाही न विचारता आठवून पाहावे.

निधी नाही म्हणून निवारे नाहीत, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो बराचसा खोटा आहे. सर्वोच्च न्यायालयातील ई. आर. कुमार यांच्या खटल्यात, ११ नोव्हेंबर २०१६ च्या आदेशाने न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमली गेली ती याच कारणाने: केंद्राने राज्यांना पैसा दिलेला होता, आणि त्या मानाने निवारे उभे राहिले नव्हते. मुंबईत अडते ते जागेपाशी. शंभर माणसांना प्रत्येकी ५० चौरस फूट म्हणजे ५,००० चौरस फुटांचे बांधकाम झाले, आणि ते रेल्वेस्थानक, बाजार किंवा मजूर-नाका यांच्या जवळ असले पाहिजे, अशी मार्गदर्शिकेची अपेक्षा आहे. उपनगरांत अशी जागा भाड्याने घेणे कोणत्याही सरकारी दरात बसत नाही. तेव्हा उरते ती महापालिकेची स्वतःची मालमत्ता. पटसंख्या घटून ओस पडलेले शाळांचे मजले, बंद पडलेली प्रसूतिगृहे, मंडईच्या इमारतींतील रिकामे गाळे, उड्डाणपुलांखालचे भाग, आणि पुनर्विकासात बांधकाम-व्यावसायिकाकडून महापालिकेला सुपूर्द झालेली पण वापराअभावी कुलूपबंद असलेली जागा. यांपैकी प्रत्येक जागा निराळ्या खात्याच्या दप्तरी आहे. शिक्षण खाते आपला मजला सोडीत नाही, मालमत्ता खाते आपल्या यादीतली जागा दाखवीत नाही, आणि पूल खाते पुलाखाली सुशोभन करायचे ठरवून तेथे कुंड्या आणि लोखंडी जाळी लावते. जाळी कशासाठी लावली हे सर्वांना ठाऊक असते.

आणि जागा निघालीच, तर शेजारी उभे राहतात. या बाबतीत मला उपनगरी मध्यमवर्गाविषयी, म्हणजे माझ्याच लोकांविषयी, थोडे कठोर बोलणे भाग आहे. निवारा हवा, पण आमच्या गल्लीत नको, येथे मुली राहतात, सदनिकांचे भाव उतरतील, हे निवेदन ज्या वेगाने शंभर सह्यांसह विभाग कार्यालयात पोहोचते तो वेग पाहिला म्हणजे अर्ज करणे आम्हाला जमत नाही ही सबब गळून पडते. गणेशोत्सव मंडळे दर वर्षी पोलीस, वाहतूक शाखा, अग्निशमन दल आणि विभाग कार्यालय यांच्या परवानग्या थोड्या दिवसांत गोळा करतात, जमाखर्च छापून वाटतात आणि वर्गणीदाराला पावती देतात. ज्या कार्यकर्त्याला मंडपाचा नकाशा काढून साहाय्यक आयुक्तांची मंजुरी मिळवता येते त्याला निवाऱ्याच्या जागेचा प्रस्ताव लिहिता येणार नाही असे मला वाटत नाही. घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या गल्लीचा कचरा आपणच वेगळा करण्याचा जो उद्योग आरंभला त्यातून प्रगत परिसर व्यवस्थापन या नावाची पद्धत महापालिकेने स्वीकारली आणि ती शहरभर गेली. तेथे नागरिकांनी आधी काम केले आणि महापालिकेने मागाहून त्याला नाव दिले. निवाऱ्याच्या बाबतीत असे होऊ शकणार नाही असे मानण्यास काही कारण दिसत नाही. फरक इतकाच की कचरा आपला असतो आणि बेघर दुसऱ्याचे समजले जातात.

मागणी स्थानिक लोकांनी मिळून करावी ही कल्पना परदेशात रुळलेली आहे, म्हणून तिचा उल्लेख करतो. अमेरिकेत १९८७ च्या मॅकिनी कायद्यापासून बेघरांसाठी संघराज्याचा निधी मिळू लागला, आणि कालांतराने कंटिन्युअम ऑफ केअर नावाची व्यवस्था तेथे स्थिर झाली. एका प्रदेशातील सेवाभावी संस्था, नगर-शासन, रुग्णालये आणि स्वतः बेघरपण भोगलेली माणसे यांचे एक मंडळ असते. ते दर जानेवारीत एका रात्रीची मोजणी करते, सर्व संस्थांचे प्रस्ताव गोळा करते, त्यांना आपणच अनुक्रम लावते आणि संपूर्ण प्रदेशाच्या वतीने एकच अर्ज करते. निधी कमी पडला तर यादीच्या तळाचे प्रस्ताव आधी गळतात. अनुक्रम लावणारे आणि पैसा मागणारे बहुधा तेच असल्याने हितसंबंधांचा गुंता तेथेही आहे, आणि त्यासाठी त्यांना बरेच नियम करावे लागले आहेत. इतके करूनही जानेवारी २०२४ च्या मोजणीत अमेरिकेत ७ लाख ७१ हजारांहून अधिक माणसे बेघर आढळली, कारण निधीच्या वाटपाने घरांची भाडी उतरत नाहीत. ही मर्यादा आपणही आरंभीच ओळखून असावे. मात्र कोणत्या निवाऱ्याला आधी पैसा द्यावा याची चर्चा भर सभेत, कारणे सांगून, लेखी अनुक्रमाने व्हावी, एवढा भाग उचलण्याजोगा आहे; आपल्याकडे तो निर्णय फाइलीवरच्या शेऱ्यात होतो आणि शेऱ्याला कारणे लागत नाहीत.

छप्पर देण्याची आपली जुनी परंपरा आहे ती धर्मशाळेची, आणि तीत अर्ज नव्हता. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या त्या वर्गणीच्या बळावर, आणि बाबा स्वतः त्यांत राहिले नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. दात्याच्या दारी गेलेल्याला दाखला मागितला जात नसे, ही त्या परंपरेची थोरवी. आणि दात्याला जाब विचारता येत नसे, ही तिची उणीव. सार्वजनिक पैशाचे नेमके उलट आहे. त्याला जाब विचारता येतो, परंतु विचारणारा कोणी असावा लागतो. मार्गदर्शिकेत प्रत्येक निवाऱ्यासाठी व्यवस्थापन समितीची तरतूद आहे ती याचकरिता, आणि अशा समितीत परिसरातील दोन-चार रहिवासी आणि निवाऱ्यातील दोन-चार माणसे एकाच सतरंजीवर बसू लागली तर पुष्कळ गोष्टी आपोआप उघड होतील: दूध किती येते, पंप कधीपासून बंद आहे, काळजीवाहकाचा पगार किती महिने थकला आहे.

वाटपाचा क्रम हा शेवटचा आणि मनाला सर्वाधिक जाचणारा भाग. जागा पन्नास आणि माणसे दोनशे असली तर कोणाला आत घ्यावे? सोपे उत्तर असे की जो आधी आला त्याला, आणि या उत्तराने निवारे धडधाकट पुरुषांनी भरतात, कारण सायंकाळी सातला रांगेत उभे राहणे त्यांनाच शक्य असते. शस्त्रक्रिया होऊन आठवडा न झालेला रुग्ण, मनोरुग्ण, मूल कडेवर असलेली बाई, यांना रांग लावता येत नाही. मार्गदर्शिकेने स्त्रिया, कुटुंबे, वृद्ध, मनोरुग्ण आणि आजारातून उठणारे यांच्यासाठी निराळे निवारे सुचवले आहेत ते योग्यच. पण निवारे मुळात थोडे असले की निराळेपण प्रथम कापले जाते. नवऱ्याला एका इमारतीत आणि बायकोला मुलांसह तीन मैलांवरील दुसऱ्या इमारतीत जागा देऊ केली तर ते कुटुंब पदपथावरच राहणे पसंत करते, आणि मग बेघरांनाच निवारा नको असतो असा अहवाल वर जातो. अंधेरीच्या नाक्यावर सकाळी उभे राहणाऱ्या मजुराला मानखुर्दला जागा दाखवली तर तोही येत नाही. त्याच्या नकारात आडमुठेपणा नाही, रोजंदारीचा हिशेब आहे.

पुस्तिकेच्या पहिल्या भागात कायदा आणि निर्णय, दुसऱ्यात मोजणीची रीत, तिसऱ्यात जागेचा शोध आणि प्रस्तावाचा मसुदा, चौथ्यात निवाऱ्याचा हिशेब तपासण्याची पद्धत दिली आहे. कायमच्या घरांचा विषय जाणूनबुजून बाहेर ठेवला आहे. तो याहून मोठा आहे आणि त्याला स्वतंत्र ग्रंथ हवा. आणखी एक गोष्ट वाचकाने ध्यानी ठेवावी. केंद्राची मदत निवारा चालवण्यासाठी पाच वर्षांपुरती गृहीत धरलेली होती, आणि अभियानांची नावे व मुदती बदलत राहतात. त्यानंतरचा भार महापालिकेच्या स्वतःच्या अर्थसंकल्पावर पडतो. तो अर्थसंकल्प आयुक्त फेब्रुवारीच्या आरंभी सादर करतात, आणि त्यातील आकडे त्याआधीच्या काही महिन्यांत खात्याखात्यांतून ठरत येतात. म्हणून ज्यांना आपल्या विभागातील निवाऱ्यासाठी तरतूद मागायची आहे त्यांनी मोजणी पावसाळ्यात आणि जागेची यादी दसऱ्यापर्यंत पुरी करावी, आणि दिवाळीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात प्रस्ताव साहाय्यक आयुक्तांच्या कार्यालयात देऊन आवक क्रमांक व तारीख घालून त्याची पोच घ्यावी.